रिंगटोन: गाणं की साधी घंटी?

तारसप्तक: रिंगटोनचं काम कॉल आल्याचं कळवणं, आणि गाण्याला ते जमत नाही. फोनचा स्पीकर नखाएवढा, साधारण ५०० हर्ट्झच्या खालचा, म्हणजे खर्जाचा आवाज त्यातून जेमतेम निघतो. ज्या ठेक्यासाठी गाणं निवडलं तोच गायब! त्यात सुरुवातीचा आलाप संपेपर्यंत समोरचा फोन ठेवतो. तुटक वाजणारी घंटीच लावावी. मधल्या शांततेमुळे ती गोंगाटातही वेगळी कळते.

कात्रीवाला: साफ असहमत. दोष गाण्याचा नाही, कापण्याचा आहे. नोकियाची १९९४ पासूनची ती धूनसुद्धा स्पॅनिश गिटारवादक फ्रान्सिस्को तार्रेगाच्या गिटाररचनेतून उचललेली आहे, फक्त १३ सूर!
ऑडॅसिटी या आवाज कापायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये गाणं उघडा, चाल जिथे उठते तिथून २५ ते ३० सेकंद घ्या. ३०० हर्ट्झचा हाय-पास फिल्टर लावा, म्हणजे त्याखालचे सूर गाळले जातात. स्पीकरला न झेपणारा खर्ज गेला की उरलेला आवाज वाढवायला जागा मिळते. मग −१ डेसिबलपर्यंत नॉर्मलाइझ करा, म्हणजे आवाज कमाल मर्यादेच्या जरा खालपर्यंत चढवा. सुरुवातीला १० मिलिसेकंदांचा फेड-इन (आवाज शून्यापासून चढवणं) हवाच, नाहीतर दर वेळी 'टक्' ऐकू येतं. अँड्रॉइडवर फाइल रिंगटोन्स फोल्डरमध्ये टाका, तीही फोनच्याच मेमरीत. मेमरी कार्डावर ठेवली आणि कार्ड काढलं की कंपनीची टोन परत येते. आयफोनवर गॅरेजबँड या अ‍ॅपलच्या संगीत-अ‍ॅपमधून करता येतं, ३० सेकंदांच्या आत.

मंद्र: दोघांनीही ऐकणाऱ्याचा कान सोडून दिलाय. वय वाढतं तशी आधी उंच स्वरांची जाण कमी होते. घरातल्या आजी-आजोबांना बारीक किणकिण ऐकूच येत नाही. त्यांच्यासाठी १००० हर्ट्झच्या आसपासचा भरीव आवाज निवडा. आणि तारसप्तक, एकसुरी शिट्टी लावलीत तर फोन सोफ्यात आहे की पिशवीत, हे कळत नाही. २००० ते ३००० हर्ट्झच्या शुद्ध सुराची दिशा ओळखणं कानाला फार अवघड जातं. अनेक स्वर मिसळलेला आवाज लवकर सापडतो.

तारसप्तक: दिशेचा मुद्दा मान्य, म्हणून तर घंटी म्हणतोय, शिट्टी नव्हे. घंटीत अनेक स्वर असतातच. पण कात्रीवाला, तुमचं कापलेलं गाणं शेजारच्या टीव्हीत मिसळतं त्याचं काय?

कात्रीवाला: म्हणून तुकडा गायकाच्या आवाजाचा नको, सतार किंवा संतूरसारख्या छेडलेल्या वाद्याचा घ्या. शिवाय 'आवाज हळूहळू वाढवा' हा पर्याय बंद करा, पहिले काही सेकंद त्यातच वाया जातात. व्हॉट्सअ‍ॅप कॉलची टोन अँड्रॉइडवर त्याच्याच सेटिंग्जमध्ये वेगळी बदलावी लागते.