तूर आपली, मग नैरोबीत ऑफिस कशाला?

दालमिलवाला: लातुरात आमची दालमिल आहे. टांझानियाची अरुषा, गजरी, लेमन, सगळी परदेशी तूर हाताखालून जाते. एक कोडं आहे. कोरडवाहू पिकांवर संशोधन करणाऱ्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेचं मुख्यालय 1972 पासून हैदराबादजवळ पाटणचेरूला. तुरीचं सगळं ज्ञान तिथं असताना नैरोबीचं प्रादेशिक कार्यालय कशाला पोसायचं? 'आशा' या तुरीच्या वाणाचं बी पोत्यात भरून पाठवलं की झालं!

कोरडवाहू: शेठ, पाच वर्षं केनियात तुरीच्या प्लॉटवर काढलीत, म्हणून सांगतो. तूर दिवस आखडले की फुलोऱ्यात येते. आपल्याकडे जूनला पेरली की हिशोब जमतो. विषुववृत्तावर दिवस बारमाही बारा तासांचाच, तिथं तापमान ठरवतं. लांब मुदतीचं वाण 1,800 मीटर उंचीवर, केनियातल्या काबेतेच्या गारव्यात वेळेत फुलतं. तेच खाली किबोकोला, साधारण 950 मीटरवर, नुसतं पाल्यावर जातं. माझ्या डोक्यावर गेलेली हिरवीगार झाडं आणि कळीचा पत्ता नाही! समुद्रकाठच्या मोम्बासापासून काबेतेपर्यंत तेच बी लावून बघावं लागतं. पाटणचेरूत बसून हे कसं कळणार?

शिवाय तिथं मर रोगाचा धुमाकूळ, आणि लोकांना दाणा टपोरा, पांढरा हवा; ओल्या दाण्यांची भाजीही करतात. नैरोबीच्या चमूनं काढलेलं 'आयसीईएपी 00040' हे वाण या सगळ्यात बसलं. मलावीत त्याला 'कचांगू' म्हणतात, टांझानियात 'माली'. तुमच्या अरुषाच्या पोत्यातही असेल.

हिशेबनीस: कार्यालय हवंच, पण पैसा प्रोजेक्टचा असतो. मी एका अशाच परदेशी संस्थेत हिशेब सांभाळायचो. निधी तीन वर्षांचा, वाण निघायला दहा. शेवटच्या सहामाहीत फील्डची जीप डिझेलविना उभी, आम्ही मात्र अहवालांचे गठ्ठे बांधतोय.

कोरडवाहू: अगदी! आणि वाणाला मान्यता त्या देशाची समिती देते, इक्रिसॅट नव्हे. समितीतल्या माणसांबरोबर चार हंगाम बांधावर फिरलेलं कुणीतरी लागतं. प्रोजेक्टबरोबर तो गडी गेला की नव्यानं ओळखीपासून सुरुवात.

दालमिलवाला: पटलं. उद्या अरुषाचं पोतं फुटलं की मूठभर दाणे परसात टाकून बघतो.

कोरडवाहू: अहो, नका! तो माल खायला आयात केलेला, पेरायची परवानगी नाही. आणि लातुरात ती फुलायला फार उशीर व्हायचा.