पाझर तलावाचा गाळ काढायला सीएसआरचे (कंपन्यांच्या सामाजिक कामाच्या निधीचे) पैसे मिळतात का? मंडळाला डायरेक्ट देतात का?

माणदेशी_पोरगा:
नमस्कार मंडळी, गाव माण तालुक्यात. पाझर तलाव 72 च्या दुष्काळातला, आमच्या आज्यांनी दुष्काळी कामावर घमेली वाहून बांधलेला. आता निम्मा गाळानं भरलाय आणि फेब्रुवारीतच विहिरी तळाला जातात. गणेश मंडळ आणि आम्ही पुण्यातली पोरं मिळून यंदा गाळ काढायचं म्हणतोय, पोकलँडवाला तासावर पैसे सांगतोय आणि डिझेल वेगळं. कंपनीत सीएसआर आहे म्हणून विचारलं तर 'प्रपोजल, 12ए, 80जी पाठवा' एवढाच मेल आला, म्हणजे संस्थेच्या आयकर सवलतीच्या नोंदण्या. आमच्याकडं पावतीपुस्तक सोडून काही नाही. नवीन ट्रस्ट काढू का?

संस्थेतली_ताई:
ट्रस्ट काढाल हो, पण यंदाच्या उन्हाळ्यात उपयोग शून्य. मोठ्या कंपन्यांना मागच्या 3 वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के खर्च करावेच लागतात, पण बाहेरच्या संस्थेला द्यायचे तर तिच्याकडं 12ए, 80जी, सीएसआर-1 चा नंबर (सीएसआरचे पैसे घेणाऱ्या संस्थेची सरकारी नोंदणी, ही 2021 पासून) आणि तशाच कामाचा 3 वर्षांचा अनुभव बघतात. तुमच्या नव्या ट्रस्टकडं तो कुठून येणार? त्यापेक्षा तालुक्यात पाण्याचं काम करणारी जुनी संस्था गाठा, पैसे तिच्या खात्यावर आणि काम तुमचं. ती थोडा व्यवस्थापन खर्च धरेल, त्यावरून भांडू नका, ऑडिटला उत्तर तिलाच द्यायचंय. नाहीतर कंपनीलाच म्हणा, पोकलँडचं बिल थेट भरा, तेही नियमात बसतं.

बंडूनाना:
जुनी संस्था घेताना कागद बघून घ्या रे. आमच्या गावातलं वाचनालय नोंदणीकृत, म्हणून आम्ही निवांत होतो, देणगीही मंजूर झाली. मग कळलं की 7 विश्वस्तांतले 4 वारलेत आणि चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याचा अर्ज) कुणी दिलाच नाही, धर्मादाय आयुक्तांच्या रेकॉर्डला अजून तेच चौघं विश्वस्त!! बँकेत सही कुणाची चालेना, मार्च उलटला आणि पैसे दुसऱ्या गावाला गेले. त्या चौघांतले एक माझे चुलते, आता बोलणार कुणाला.

गाळपेर:
सगळे पैशाचंच बोलताय, गाळ न्यायचा कुणी? आम्ही पहिल्या वर्षी काठावरच ढीग मारले, जूनमध्ये सगळा परत पोटात. आधी शेतकऱ्यांची नावं आणि ट्रॅक्टर लिहून घ्या, मग मशीन बोलवा. शासनाची गाळमुक्त धरण गाळयुक्त शिवार योजना पण बघा, त्यात मशीन-डिझेलला पैसे आहेत, आणि छोट्या शेतकऱ्याला गाळ टाकायला एकरी 15,000, अडीच एकरापर्यंत म्हणजे जास्तीत जास्त 37,500. ग्रामसभेचा ठराव आणि तलाव ज्या खात्याचा त्यांची परवानगी मात्र लागतेच. आणि बांधाच्या पायथ्याला बकेट लावू देऊ नका, ऑपरेटर सोपं पडतं म्हणून तिथंच खणायला बघतो.

माणदेशी_पोरगा:
ताई, नाना, खूप आभार. ट्रस्टचं डोक्यातून काढलं. ठरावाचं सरपंचांशी बोललो, ते म्हणाले घरटी 500 वर्गणी आधी जमवा मग कंपनीकडं जाऊ, रिकाम्या हातानं गेलं तर कोण विचारतंय. काल 40 घरं झाली. अजून एक, चुलतभाऊ दुबईला आहे तो 50 हजार देतो म्हणतोय आणि त्याचा मित्र अमेरिकेत, तो पण. ते चालतं का?

संस्थेतली_ताई:
भावाचा पासपोर्ट भारतीय असेल तर त्याच्या स्वतःच्या कमाईतले, बँकेतून आलेले पैसे परदेशी देणगीत धरत नाहीत. अमेरिकेतल्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर मात्र एफसीआरए (परदेशी देणगी घ्यायची सरकारी नोंदणी) लागतो, मग त्याचे पैसे वर्गणीत अजिबात घेऊ नका, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळतं ते) असलं तरी नाही. आधी पासपोर्ट विचारा.

माणदेशी_पोरगा:
विचारलं. निळा आहे पण अमेरिकेचा 😅