चेकडिस्क नंतर, आधी प्रत

कॉम्प्युटरची हार्ड डिस्क अडकत असेल तर चेकडिस्क (विंडोजमधला डिस्क तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम) चालवून बघा, असं एकाने सुचवलंय. ते मला अजिबात पटत नाही. खराब सेक्टर, म्हणजे डिस्कवरच्या बिघडलेल्या जागा, शोधायला सांगितलं की ते डिस्कचा कानाकोपरा वाचायला लावतं, शिवाय फाइलींच्या नोंदीही बदलतं. मरायला टेकलेल्या डिस्कला हे झेपत नाही. आधी स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचे, आकडे बघा. ५ आणि १९७ क्रमांकाचे (हे खराब सेक्टरांचे) वाढत असतील तर डिस्क मरायला टेकलीच समजा. नुसता १९९ (डेटा नेताना होणाऱ्या चुकांचा) वाढत असेल तर बहुधा साटा केबल, म्हणजे डिस्क जोडणारी वायर, बदलून भागतं.

गेल्या मे महिन्यात इथे सोलापुरात वडिलांच्या चादरींच्या जकार्ड (विणीतच उमटणाऱ्या नक्षीच्या) डिझाइनची डिस्क अशीच अडकायला लागली. तिशीपासूनचं काम होतं त्यांचं, जीव नुसता टांगणीला! पेनड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी दुसरी प्रणाली) सुरू करून डीडीरेस्क्यू या बिघडलेल्या डिस्कची प्रत काढणाऱ्या प्रोग्रामने नव्या, मोठ्या डिस्कवर प्रत काढली. ते चांगला भाग आधी उतरवून घेतं, खराब जागांकडे शेवटी वळतं. मॅपफाइल, म्हणजे कुठला भाग उतरवून झाला याची नोंद, मात्र ठेवाच, तीही तिसऱ्याच ड्राइव्हवर. आमच्याकडे दोनदा वीज गेली, तरी काम होतं तिथूनच पुढे सुरू झालं. चेकडिस्क चालवायचंच तर त्या प्रतीवर चालवा.