चर्चा: पावसाळ्यात मैदानाचा राडा झाला की बुटांनी खरंच फरक पडतो का?

लेफ्टबॅक_परळ
आमच्या भागातल्या पोरांच्या फुटबॉल टीमला शिकवणाऱ्या सरांनी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फर्मान काढलंय. जुलैपासून प्रत्येकाकडे लांब स्क्रू-स्टडचे (तळाला स्क्रूनं बसवलेल्या खुंट्यांचे) वेगळे बूट पाहिजेत, नसतील तर मैदानात उतरवणार नाही. पोरं बारा-तेरा वर्षांची. पाय असे वाढतायत की दिवाळीपर्यंत ते बूट धाकट्या भावाच्या वाट्याला जाणार.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. आपल्याकडच्या मैदानांवर या बुटांचा उपयोग फार थोडा. लांब स्टड बनले ते खोलवर भिजणाऱ्या, गवताच्या मऊ जमिनीसाठी. आझाद मैदान घ्या, क्रॉस मैदान घ्या, नाहीतर गल्लीमागचं पालिकेचं मैदान घ्या. वर दोन बोटं चिखल आणि खाली आठ महिने क्रिकेट खेळून, रोलर फिरवून दगड झालेली जमीन. स्टड खाली रुततच नाही. सगळं वजन सहा टोकांवर येतं आणि तळव्याला ती टोकं खालून टोचत राहतात. त्यात आपली माती चिकट. दहा मिनिटांत दोन स्टडच्या मधली जागा भरून जाते, की महागडा बूट आणि साधा बूट दोन्ही सपाट.

चिखलात मॅच जिंकून देतात त्या गोष्टी वेगळ्या. आपल्या गोलसमोर आडवा पास द्यायचा नाही, कारण डबक्यात बॉल जागच्या जागी थांबतो. बॉल उचलून मारायचा. पावलं छोटी टाकायची. हे शिकवायला दुकानात जावं लागत नाही. १९११ साली कलकत्त्याच्या मोहन बागाननं अनवाणी पायांनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या पलटणीच्या टीमला हरवून आयएफए शील्ड ही फुटबॉल स्पर्धा जिंकली होती, एवढं लक्षात असू द्या.

स्क्रूड्रायव्हर
दादा, अर्धाच इतिहास सांगताय. बागानच्या त्या अकरा जणांत एकाच्या पायात बूट होते, हे एक. दुसरं म्हणजे, कलकत्त्याच्याच मोहम्मेडन स्पोर्टिंगनं १९३४ पासून सलग पाच वर्षं कलकत्ता लीग मारली. कोरड्या दिवशी अनवाणी आणि पाऊस पडला की बूट, हा त्यांचा खाक्या होता. तोवर गोऱ्या पलटणींच्या टीम पावसाची वाटच बघायच्या, कारण ओल्या मैदानावर अनवाणी पोरं घसरायची.

आणि १९५४ ची वर्ल्ड कप फायनल? बर्न शहर, धो धो पाऊस. ज्या हंगेरीनं गटातल्या सामन्यात पश्चिम जर्मनीला ८-३ नं धुतलं होतं, तीच हंगेरी फायनलला ३-२ नं हरली. जर्मनांच्या बुटांना आदिदासवाल्या आडी डास्लरनं बनवलेले बदलता येणारे स्टड होते. मैदान बघून लांबचे लावले. आता म्हणा फरक पडत नाही.

लेफ्टबॅक_परळ
म्हणतो ना. पहिल्या आठ मिनिटांत हंगेरी २-० नं पुढे होती. तोच पाऊस, तेच बूट. तेव्हा स्टड काय झोपले होते? हंगेरीचा कॅप्टन पुस्काश दुखऱ्या घोट्यानं खेळत होता, हंगेरीचे फटके पोस्टला नि बारला लागले, शेवटी पुस्काशनं टाकलेला गोल ऑफसाइड दिला. जर्मनीच्या राननं ८४व्या मिनिटाला मारलेला गोल त्याच्या डाव्या पायाचा होता, डास्लरचा नव्हे. त्यात स्टडचं श्रेय घ्यायला दोघे डास्लर भाऊ, एक आदिदासवाला आणि एक पुमावाला. सत्तर वर्षं चाललेली जाहिरात आहे ही.

शिट्टीवाला
मी लोकल मॅचेसना रेफरी असतो. अनवाणी पायांचं कौतुक इथेच थांबवा. फुटबॉलच्या नियम क्रमांक ४ प्रमाणे पायात बूट सक्तीचे आहेत, तसेच नडगी झाकणारे शिनगार्डही. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले, फ्रान्सकडून २-१ नं हरले, त्यात आपण दोन पेनल्टी घालवल्या. त्याचा अभिमान जरूर बाळगा. पण चार वर्षांनी हेलसिंकीत युगोस्लाव्हियानं १०-१ केलं आणि त्यानंतर आपल्याच फेडरेशननं बूट बंधनकारक केले.

आता स्क्रू-स्टडबद्दल. मॅचआधी मी प्रत्येकाला पाय मागे दुमडायला लावतो आणि स्टडवरून अंगठा फिरवतो. नवे असतात तेव्हा प्रश्न नसतो. पण पोरं तेच बूट घालून फुटपाथवरून, स्टेशनच्या जिन्यावरून चालत येतात. सिमेंटवर घासून स्टडच्या कडेला धार येते, अगदी पत्र्याच्या फाटक्या डब्यासारखी. ती धार टॅकलमध्ये समोरच्याच्या पोटरीवरून फिरली की काय होतं ते मी बघितलंय. बारा वर्षांच्या पोरांच्या मॅचला धातूचे स्टड मला नकोच वाटतात. सर मात्र हट्टाला पेटलेले दिसतात.

स्क्रूड्रायव्हर
मग बूट पिशवीत आणा आणि मैदानावर घाला! हा स्टडचा दोष कसा?

शिट्टीवाला
तेरा वर्षांच्या पोराला हे सांगून बघा.

गुडघा_जपा
फिजिओथेरपी करते, म्हणून बोलते. इथे सगळे घसरण्याबद्दलच बोलतायत. मला अडकण्याची जास्त भीती वाटते. स्टड पक्के रुतले, पाऊल जमिनीला खिळलं आणि शरीर मात्र वळलं, की सगळा पीळ गुडघ्यात जातो. आतला लिगामेंट असाच तुटतो, कुणाचा धक्का लागायचीही गरज नसते. तुमच्या मैदानावर तर दोन्ही आहे. एका जागी पाऊल सरकतं, दोन हातांवर गोलसमोरच्या खड्ड्यात तेच घट्ट बसतं.

म्हणून वाढत्या वयाच्या मुलांना गोल टोकांचे साधे मोल्डेड, म्हणजे तळाबरोबरच ओतलेले, स्टड बरे. गोल स्टड मातीत फिरू शकतो, पात्यासारखा लांबट स्टड तेवढा सहज फिरत नाही. पण लेफ्टबॅक दादा, 'फरक पडत नाही' हेही चूक. झिजलेल्या सपाट बुटांनी पाय फाकून घसरलेली मुलं जांघेचा स्नायू धरून माझ्याकडे येतात.

नऊनंबर
बॅक लोकांना हे कळायचं नाही. तुम्ही बॉल कुठेही भिरकावलात तरी चालतं. आम्हाला दोन मीटरमध्ये वळून शॉट घ्यायचा असतो. २००८ ची चॅम्पियन्स लीग फायनल आठवा, मॉस्कोत पाऊस. जॉन टेरीनं ती पेनल्टी टाकली असती तर कप चेल्सीचा होता. उभा पाय सटकला, बॉल पोस्टला. मारणाऱ्या पायाचे बूट सगळे बघतात, पकड लागते उभ्या पायाला.

लेफ्टबॅक_परळ
आणि टेरीच्या पायात काय, रबरी स्लीपर होती? जगातले उत्तम बूट असूनही सटकला, हे तुम्हीच सांगताय!

नऊनंबर
सीट बेल्ट लावून मेलेला माणूस दाखवून बेल्ट काढा म्हणण्यातला प्रकार झाला हा.

दादरची_आई
वाद चालू द्या, मी धुणाऱ्याच्या बाजूनं बोलते. पावसाळ्यात बूट वाळत नाहीत, हा मुंबईतला खरा प्रश्न. मंगळवारी भिजलेला बूट गुरुवारी सरावाला जाताना आतून ओलाच. ओले बूट जड होतात, मोजे सरकतात, टाचेला फोड येतात, बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. मी आधी काडीनं स्टडमधली माती काढते, इनसोल बाहेर, आत जुना पेपर कोंबायचा, दोन तासांनी बदलायचा, मग पंख्याखाली. फ्रीजच्या मागे किंवा गॅसजवळ ठेवू नका, तळ सुटतो.

दुसरा जोड हवाच, पण साधा. एक वाळेपर्यंत दुसरा. आणि अनवाणी पायांची हौस असणाऱ्यांनी लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा आजार, विसरू नये. उंदरांचं मूत मिसळलेलं साचलेलं पाणी आणि पायावर एक ओरखडा, एवढं पुरतं. अशा पाण्यातून गेल्यावर डॉक्टरांना विचारून वेळेत गोळी घ्या, हे पालिका दर पावसाळ्यात सांगते.

स्क्रूड्रायव्हर
ताईंचं पटलं. पण दुसरा जोड घ्यायचाच आहे, तर तो चिखलाचा का नको?

शिट्टीवाला
कारण काही मॅचेस कृत्रिम गवतावर होतात. कूपरेजला तेच आहे. तिथे धातूचे स्टड घालून आलात तर बाहेर बसाल. मोल्डेड असले तर निदान विचारता तरी येतं.

लेफ्टबॅक_परळ
मी सरांना लिहितोय: स्टडची सक्ती नको, साधे मोल्डेड चालतील, तळ झिजलेला नसावा. धातूचे स्टड बंद. आणि सरावाआधी त्यांनी स्वतः गोलसमोर टाच दाबून बघावी. खाली टणक लागलं तर लांब स्टडचा विषय तिथेच संपतो.

नऊनंबर
पाठवा. फक्त 'सर्व पालकांच्या वतीने' असं लिहू नका. माझा पोरगा फॉरवर्ड आहे, मी लांब स्टडचेच घेणार.

शिट्टीवाला
घ्या. मॅचआधी अंगठा फिरवीन.