पाटणादेवी, पितळखोरे, वाघळी : दोन दिवसांत क्रम कसा लावावा?

वाटसरू : ऑक्टोबरअखेर दोन दिवस चाळीसगावला मुक्काम आहे. रेल्वेने येणार, गाडी नाही. चौघे जण, आईचं वय ६८ आणि गुडघे दुखरे. पितळखोऱ्याची लेणी पाटण्याकडून, म्हणजे पाटणादेवीच्या बाजूने, चालत करावीत का?

गिरणाथडी : आई सोबत असताना नको. पाटणा आणि पितळखोरे नकाशावर शेजारी दिसतात म्हणून लोक एकाच दिवसात बसवायला जातात आणि दोन्ही अर्धवट राहतात. पहिला दिवस फक्त पाटण्याला द्या.

चाळीसगावहून पाटणादेवी १८ किलोमीटर. एसटीच्या फेऱ्या मोजक्या. रिक्षा ठरवली तर भाडं ‘जाऊन-येऊन, थांबण्यासकट’ असं आधीच बोला. नुसतं सोडायचं ठरवलं तर परतीला वाहन मिळत नाही, कारण जागा गौताळा अभयारण्यात आहे. सकाळी आठपर्यंत पोचा, वनखात्याच्या चौकीवर नोंद करा.

देवीच्या देवळातला शिलालेख दर्शनाच्या घाईत हमखास सुटतो. शके ११२८, म्हणजे इ.स. १२०७. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, त्याला निकुंभ राजांनी दिलेल्या दानाचा हा लेख. बहुतेक मजकूर संस्कृत, पण शेवटच्या ओळी मराठी : ‘इयां पाटणीं जें केणें उघटे…’ केणें म्हणजे विक्रीचा माल. या पाटणात जो माल उघडेल, त्यावरचा राजाचा कर मठाला. ज्योतिष-गणिताच्या शाळेचा खर्च बाजाराने उचलायचा! टॉर्च समोरून मारला की झिजलेली अक्षरं सपाट होतात. अगदी कडेने, तिरपा धरा, मग खाचा उठून दिसतात. अक्षरं दिसावीत म्हणून खडू किंवा पाणी लावू नका.

जवळचं महादेवाचं हेमाडपंती देऊळ आईंना सहज जमेल.

सातमाळा : पाटण्यातल्या केदारकुंड, धवलतीर्थ या धबधब्यांकडे जायचं तर पायात पकड असलेले बूट हवेत. ओल्या काळ्या दगडावर शेवाळ असतं; चप्पल घालून माणूस हमखास घसरतो. खाली ऊन असलं तरी वर पठारावर पाऊस झाला की ओढा अचानक फुगतो. पाणी गढूळ व्हायला लागलं, पालापाचोळा वाहून यायला लागला, तर पलीकडे जाऊच नका, आणि पलीकडे असाल तर उतार पडेपर्यंत थांबा. ऑक्टोबरअखेर धोका कमी, परतीचा पाऊस लांबला तर मात्र नाही.

वाटसरू : मग पितळखोरे दुसऱ्या दिवशी?

गिरणाथडी : हो, गाडी करून, औट्रम घाट चढून कन्नडच्या बाजूने. घाटात वाहनांची कोंडी होऊ शकते, पहाटेच निघा. तिथे पायऱ्या उतरून लेण्यात जायचं असतं, म्हणजे चढ परतीला, उन्हात. त्यामुळे आईंना वरूनच दरी दाखवा. खाली हत्तींची रांग आणि दारावरचे द्वारपाल बघा. तिथला प्रसिद्ध यक्ष शोधू नका, तो दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

सातमाळा : आग्या मोहोळ विसरू नका भो. अत्तर, अगरबत्ती, सिगारेट, आरडाओरडा काही नको. माश्या उठल्या तर हात झटकू नका. तोंड, मान झाका आणि तिथून लांब व्हा.

तितूर : मग आईंसोबत एकाने चाळीसगावातच थांबावं, असं माझं मत. जवळच्या वाघळी गावातलं मुधाईदेवीचं देऊळ सपाटीवर आहे, चढ नाही. वाघळीतले शिलालेख शके ९९१ चे, म्हणजे पाटण्याच्या लेखाहून जुने. दुपारी छायाचित्रकार केकी मूस यांचं संग्रहालय, स्टेशनजवळच. त्यांच्या टेबलटॉप छायाचित्रांसाठी (टेबलावर वस्तू मांडून काढलेल्या) निवांत वेळ ठेवा. सुट्टीचा वार आधी विचारून घ्या.

जेवणात शेवभाजी सगळीकडे मिळते, पण तिखट. ‘तर्री कमी’ असं आधी सांगा. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आणि ठेचा हवा असेल तर खानावळीत सकाळीच सांगून ठेवायचं, ऐनवेळी मागितलं तर पोळी वाढतात.