रानपिंगळा बघायला तानसा की मेळघाट? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. डिसेंबरअखेर आईला घेऊन रानपिंगळा (एक छोटं घुबड) बघायला जायचंय. १८८४ नंतर नाहीसाच झाला असं समजलेला हा पक्षी १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला, तेव्हापासून तो तिच्या डोक्यात बसलाय. आम्हाला ठाण्याहून तानसा जवळ, पण मेळघाटात दिसायची शक्यता जास्त का? आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे गाडीरस्त्यावरून दिसला तर उत्तम.

गेल्या वर्षी तानसाला सकाळी आठला सागाच्या वाळक्या फांदीवर एक दिसला. मी नाचायचाच बाकी होतो! फोटो मोठा करून पाहिला तर डोकं ठिपक्यांनी भरलेलं, म्हणजे आपला नेहमीचा पिंगळाच.

माहितगार स्थानिक गाईड सुचवा. मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणारा नको. आणि घरट्याची जागा कृपया इथे लिहू नका.