जन्मठेपेच्या बंद्याचा जीव वाचवला, यात गुन्हा कोणता?

जुना मिश्रक, सातारा

काल या चर्चामंचावर एका सदस्याने एक मजकूर लिहिला. खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप भोगणारा एक बंदी कारागृहात छातीत कळ येऊन कोसळला आणि एका शिपायाने छातीवर दाब देत त्याला रुग्णालयापर्यंत जिवंत पोहोचवले. यावर त्या सदस्याचे म्हणणे असे की, शिपायाने पाच मिनिटे उशीर केला असता तर कोणाचे काहीच बिघडले नसते आणि सरकारचा खर्चही वाचला असता. त्या वाक्याखाली टाळ्यांच्या खुणांची रांग लागलेली पाहिली, म्हणून सविस्तर लिहिणे भाग पडले.

माझी सगळी नोकरी कारागृहांच्या दवाखान्यांत औषधे देण्यात गेली. ही पाच मिनिटे म्हणजे काय, हे मी जवळून पाहिले आहे. संध्याकाळी बंद्यांची गिनती झाली की बराकीला कुलूप पडते. रात्री आत कोणी कोसळले, तर सोबतचे बंदी गजांवर ताटे आपटतात. पहारेकरी धावत येतो, गजांतून बॅटरीचा उजेड टाकतो, माणूस निपचित पडलेला त्याला दिसतो, आणि तरीही तो आत जाऊ शकत नाही, कारण किल्ल्या अधिकाऱ्याच्या ताब्यात असतात. हृदय बंद पडल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. म्हणजे त्या सदस्याला हवा असलेला उशीर तेथे कोणी न ठरवताच होत असतो. कुलूप निघाल्यावर जो शिपाई फरशीवर गुडघे टेकून मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब देत राहतो, तो कसलाही विचार करण्याच्या पलीकडे गेलेला असतो, आणि ते योग्यच आहे.

भारतीय दंड संहितेच्या कलम ३०२ मध्ये खुनाला दोनच शिक्षा होत्या, मृत्युदंड किंवा जन्मठेप. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ मध्येही त्याच आहेत. सर्वोच्च न्यायालयाने बच्चनसिंग खटल्यात १९८० मध्ये मृत्युदंड दुर्मिळातील दुर्मिळ प्रकरणांपुरता राखून ठेवला. साक्षी, उलटतपासणी, युक्तिवाद एवढे सगळे होऊन न्यायाधीशांनी या माणसाला जन्मठेप दिली. आता तुमचे म्हणणे असे की, तो निर्णय एका शिपायाने रात्री दोन वाजता, कोणाचेही न ऐकता, नुसते हात बांधून उभे राहून फिरवावा. ज्याचे अपील अजून प्रलंबित आहे, त्याच्या बाबतीतही शिपायानेच ठरवायचे का?

बांधावरचा, तासगाव

मिश्रकसाहेब, आपण कायदा सांगितलात. आम्ही त्या कायद्याची दुसरी बाजू भोगली आहे. माझ्या चुलतभावाला बांधाच्या वादातून, भर दुपारी, त्याच्याच द्राक्षबागेत कोयत्याने मारले. मारणारा आमच्याच भावकीतला. त्याला जन्मठेप झाली आणि गाव म्हणाले, न्याय झाला. पुढे तो संचित रजेवर, म्हणजे कारागृहातून काही दिवसांच्या सुट्टीवर, गावी आला, हे आम्हाला कोणीही कळवले नाही. माझी चुलती डेअरीवर दूध घालायला गेली, तेव्हा तो तिच्यापुढे दोन माणसे सोडून रांगेत उभा होता. दुधाचे भांडे तेथेच ठेवून ती घरी आली, ती पुन्हा त्या रस्त्याला गेली नाही.

त्याच चुलतीला पक्षाघात झाला, तेव्हा सरकारी रुग्णालयात खाट नाही म्हणून आम्ही तिला व्हरांड्यात सतरंजीवर झोपवले होते. आत एका कैद्याला खाट होती आणि भोवती चार पोलीस होते. त्या रात्री मला जे वाटले ते मी लपवणार नाही. ज्याने जीव घेतला त्याच्यासाठी यंत्रणा धावते आणि ज्यांचा जीव गेला त्यांच्या घराकडे ती फिरकत नाही. त्या शिपायाला दोष देताना त्या सदस्याच्या मनात हेच असणार.

परिचारिका, मिरज

तासगावकर, आपल्या चुलतीला खाट मिळायलाच हवी होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र ती खाट कैद्याने घेतली, हे मला मान्य नाही. केसपेपरवर नाव असते, वय असते, तक्रार असते. गुन्ह्याचे कलम लिहायला रकाना नसतो आणि तो नसावा. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये स्पष्ट केले की, समोर आलेला माणूस निर्दोष असो वा गुन्हेगार, त्याचा जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे.

आपण चार पोलीस पाहिलेत. आम्ही रोज उलटे पाहतो. निवडणूक असो, गणपती असोत, कोणा मंत्र्यांचा दौरा असो, बंदोबस्त लागला की कारागृहाला बंद्यासोबत पाठवायला पोलीस गार्ड मिळत नाही, आणि गार्ड नाही म्हणून बंद्याची तपासणीची तारीख चुकते. अशा चुकलेल्या तारखांनंतर एक बंदी आमच्याकडे आला, तेव्हा त्याच्या पायाची जखम हाडापर्यंत गेली होती. एक पाय खाटेला साखळीने बांधलेला आणि दुसऱ्या पायाचे ड्रेसिंग मी करत होते. १९९५ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बंद्यांना बेड्या घालण्यास मनाई केली, हे मी त्या पोलिसाला सांगितले. 'तो पळाला तर माझी नोकरी जाईल, तुमची नाही,' असे त्याने उत्तर दिले, आणि त्याचेही खोटे नव्हते.

करदाता, विटा

परिचारिकाताई, आपले सगळे दुःख कैद्याच्या पायाचे दिसते. सामान्य माणसाच्या रांगेविषयी एक ओळही आपण लिहिली नाही. ग्रामीण रुग्णालयात गेले की 'पुढे न्या' असे सांगतात, पुढे गेले की यंत्र बंद असते, आणि बाहेरून तपासण्या करून आणेपर्यंत घरातले दागिने गहाण पडतात. माझ्या वडिलांच्या वेळी आम्ही रात्रभर तीन रुग्णालयांच्या दारांवर फिरलो. त्यांच्यासोबत एक पोलीस असता, तर कदाचित कोणी दार उघडले असते. तुम्हा सरकारी दवाखान्यातल्या लोकांना ही चीड कधीच कळणार नाही.

परिचारिका, मिरज

आपण मला ओळखत नाही, म्हणून हे वाक्य सोडून देते. ज्या कक्षात दोन परिचारिका असायला हव्यात, तेथे मी रात्रपाळी एकटीने केली आहे, आणि त्या पाळीत बंदी कोण व करदाता कोण हे पाहायला मला सवड नव्हती. खाटा कमी आहेत, माणसे कमी आहेत. त्याचा जाब ज्यांच्याकडे मागायचा त्यांच्याकडे मागा. साखळीने बांधलेल्या माणसावर राग काढणे फार सोपे आहे.

माजी सैनिक, अपशिंगे

खाटांचा वाद पुरे करा, मूळ मुद्दा वेगळा आहे. जखमी शत्रूवरही उपचार करा, हे आम्हाला सैन्यात शिकवले जाते. १९४९ च्या जिनिव्हा करारांत तेच आहे. परंतु समोरचा सैनिक त्याच्या देशाच्या हुकमाने लढत असतो. शेजाऱ्यावर कोयता चालवणाऱ्याची त्याच्याशी बरोबरी कोणी करू नये. शिपायाने हुकूम पाळला, त्याचे कर्तव्य झाले, इतकेच मी मान्य करीन. त्यापुढे जाऊन त्यात माणुसकीचा मोठेपणा शोधू नका. माझ्या मनात त्या बंद्यासाठी दया नाही आणि ती असावी असा आग्रह कोणी धरू नये.

वकील, कराड

दया मागतच नाही कोणी. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री पकडलेल्या कसाबला मुंबईच्या नायर रुग्णालयात नेऊन त्याच्यावर उपचार केले गेले. तो जगला म्हणून खटला चालला आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात त्याला फाशी दिली गेली. शिक्षा देण्याचा अधिकार राज्याला हवा असेल, तर आरोपीला जिवंत ठेवण्याची जबाबदारीही राज्यालाच घ्यावी लागते.

माजी सैनिक, अपशिंगे

कसाबकडून कटाची माहिती काढायची होती. या बंद्याकडून काय काढायचे आहे?

खटावची लेक

मी एरवी येथे लिहीत नाही. या प्रश्नाला मात्र उत्तर देते. माझ्या वडिलांचा खून पैशांच्या व्यवहारातून झाला. मारणारा एकच पकडला गेला, पण त्याला पाठवणारे दुसरेच होते, असे आमच्या घरात सगळ्यांना वाटते. तो एक दिवस काहीतरी बोलेल, या आशेवर आम्ही होतो. तो कारागृहात आजाराने गेला. आम्हाला ते वर्तमानपत्रातून कळले. आईने बातमी वाचली, कागदाची घडी घातली आणि स्वयंपाकाला लागली. आमच्या घरात त्या मृत्यूने काहीही हलके झाले नाही; जे विचारायचे होते ते कायमचे विचारायचे राहिले.

तेव्हा सैनिकदादा, मला तो जिवंत हवा होता. जन्मठेप म्हणजे नैसर्गिक आयुष्य संपेपर्यंतची कैद, असे १९६१ च्या गोपाळ गोडसे निकालापासून सर्वोच्च न्यायालय सांगत आले आहे. त्याने ते आयुष्य एकेक दिवस मोजत काढायला हवे होते.

माजी सैनिक, अपशिंगे

ताई, तुमच्यापुढे मी वाद घालणार नाही. तुमचे कारण मला पटते, मिश्रकांचे अजूनही पटत नाही.

माणदेशी, आटपाडी

येथे कोणी स्वतंत्रपूरचे नाव घेतले नाही, याचे आश्चर्य वाटते. १९३९ मध्ये औंध संस्थानात मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेतून आणि राजे भवानराव पंतप्रतिनिधींच्या पाठिंब्याने आमच्या आटपाडीजवळ बंद्यांसाठी ही खुली वसाहत उभी राहिली. तेथे खुनाची शिक्षा झालेली माणसेही भिंतीवाचून, बायकामुलांसह राहिली, शेती करत राहिली. आमच्या माळरानावर पाऊस किती पडतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या जमिनीत या लोकांनी पिके काढली. माणूस बदलू शकतो यावर ज्या भागाने इतक्या आधी विश्वास ठेवला, त्याच भागातून आज 'मरू द्यायचे होते' असा सूर निघावा, याचे वाईट वाटते.

बांधावरचा, तासगाव

माणदेशी, तेथे मारणारा बायकामुलांसह राहतो, हे आपण अभिमानाने लिहिलेत. माझ्या चुलतभावाची बायकामुले कोणासह राहतात, हे आपण विचारले नाही. वसाहतीच्या विरोधात मी नाही. मात्र मारणाऱ्याच्या सुधारणेची काळजी १९३९ पासून आहे, तर मेलेल्याच्या घराची काळजी कोणत्या सालापासून सुरू होणार?

वकील, कराड

कायद्यात ती २००९ च्या अखेरीपासून आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३५७-अ आले, आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ३९६ आहे. पीडिताच्या कुटुंबाला भरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. उशीर झाला असला तरी त्याची कारणे लिहून अर्ज करावा. मी कागद पाहायला तयार आहे, त्याची फी घेणार नाही. रजेविषयी सांगायचे, तर संचित रजा मंजूर करण्यापूर्वी स्थानिक पोलिसांचा अहवाल मागवतात. जामिनाच्या सुनावणीत पीडितांचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मान्य केले, पण रजेच्या वेळी मृताच्या घरी जाऊन कोणी विचारले, असे माझ्या वकिलीत मी पाहिलेले नाही.

जुना मिश्रक, सातारा

तासगावकर, आपला राग योग्य ठिकाणी आहे, आणि तो शिपायाच्या दोन हातांवर उतरू नये, एवढ्यासाठीच मी लिहायला बसलो. बंदी कोठडीत मेला तर न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी होते, मानवी हक्क आयोगाला २४ तासांत कळवावे लागते. तो रजेवर सुटला तर आपल्या चुलतीला कळवण्याचे बंधन मात्र माझ्या नोकरीत मी कोणावर पाहिले नाही. हे बंधन घालून घेण्यासाठी आपण सगळ्यांनी मिळून अर्ज करावा, मी पहिली सही करतो. तरीही बराकीचे कुलूप निघाले की आत पडलेल्या माणसाच्या छातीवर दाब द्यायचाच, यात मी बदल करणार नाही.

बांधावरचा, तासगाव

वकीलसाहेब, खटल्याचे कागद मी घेऊन येतो. मिश्रकसाहेब, शिपायाने मुद्दाम उशीर करायला हवा होता असे मी म्हणणार नाही. तेवढे मान्य करतो, त्याहून जास्त माझ्याकडून मागू नका. पण ज्या पोलिसाने रजेचा अहवाल लिहिला, तो गावात आला होता, चावडीवर बसला होता, आणि तेथून आमचे घर दिसते. तो आमच्या दारात का आला नाही, याचे उत्तर येथील ज्या कोणाकडे असेल, त्याने ते लिहावे.